चार वाजताची गळती

"थांबली! मैथिली, थांबली गं!"

निलयदादाची किंकाळी ऐकून मैथिलीने चिवड्याची वाटी तिथेच टाकली आणि खोलीत धाव घेतली. दादाची बोटं कीबोर्डवर नाचत होती. संगणकाच्या पडद्यावर त्याची निळी गाडी वाळवंटातल्या वळणावर सुसाट सुटली होती. पण शेजारच्या मोबाइलवर, जिथे हीच शर्यत साऱ्या जगाला थेट दिसत होती, तिथे निळी गाडी चौथ्या नंबरावर खिळे ठोकल्यासारखी उभी!

"अरे, चल ना! चल!" मैथिलीने मोबाइल हलवून पाहिला. हलवून काय होणार होतं, डोंबल!

चित्र पुन्हा सुरू झालं तेव्हा शर्यत संपली होती. निळी गाडी पहिली! दादाने दोन्ही हात वर केले, आणि खाली मोबाइलवर लोकांचे शेरे सरसर येऊ लागले.

'चौथा होता, पहिला कसा झाला?'

'मधला भाग कापला!'

'चीटर! चीटर! चीटर!'

दादाचे वर गेलेले हात तसेच राहिले. आणि काही वेळाने दिवाळी चषकाच्या आयोजकांचा निरोप आला. अंतिम शर्यत परवा, चार वाजता. प्रक्षेपण पुन्हा तुटलं तर आजचा विजय रद्द होईल, आणि का रद्द झाला तेही सगळ्यांना सांगितलं जाईल.

"मी खरंच जिंकलो गं," दादा पुटपुटला. "दोघांना वळणावर गाठलं. तिसरा वाळूत रुतला. पण ते कुणी पाहिलंच नाही!"

दादा साप-शिडीतसुद्धा लबाडी करत नसे. नववीतला मुलगा सापाने गिळला की निमूट खाली येतो, आणि जयपूरभरची पोरं त्याला चीटर म्हणणार?

दुसऱ्या दिवशी सकाळी स्वानंदी सायकल दामटत मालवीय नगरात हजर झाली. ती मैथिलीच्या वर्गातली. तिचे बाबा फौजेत, त्यामुळे दर दोन-तीन वर्षांनी नवं गाव, नवं घर. घरात शिरल्या शिरल्या राउटर कुठे आहे ते आधी हुडकायचं, हा तिचा शिरस्ता.

"मतलब, थेट प्रक्षेपण म्हणजे काय? एकामागून एक चित्रं बाहेर पाठवायची," ती खुर्चीत बसत म्हणाली. "त्या एकेका चित्राला फ्रेम म्हणतात. रस्ता तुंबला की फ्रेम वाटेतच गळतात. लोकांना गाडी थांबलेली दिसते."

"पण आमचं नेट एवढं वाईट नाहीये!" मैथिली म्हणाली. "सिनेमे छान दिसतात."

"ते येणारं नेट! ते जवाहरलाल नेहरू मार्गासारखं रुंद. जाणारं मात्र बापू बाजारामागच्या गल्लीएवढं. आणि ह्या साहेबांनी त्या गल्लीत ट्रक घातलाय!"

साहेबांनी मान खाली घातली. स्वानंदीने चित्राचा आकार कमी केला, बिटरेट, म्हणजे दर सेकंदाला बाहेर जाणारा माल, निम्म्याहून खाली आणला. मग राउटरपासून संगणकापर्यंत लांबलचक केबल ओढली, म्हणजे वायफायची कटकटच नको. केबल हॉलमधून गेली आणि सुधाआत्याच्या पायाखाली आली.

"घर आहे की विजेचा खांब? जिकडे पाहावं तिकडे वायरी!" आत्या कडाडली. ती बाबांची मोठी बहीण. ह्या घरात पान हलायचं ते तिला विचारून. "पडले असते तर? माझी हाडं काय बिर्ला मंदिराच्या संगमरवराची आहेत?"

"आत्या, दादाची अब्रू पणाला लागलीय!" मैथिली म्हणाली.

"अब्रू? मग राहू दे वायर," आत्या लगेच म्हणाली आणि लुगड्याचा काठ सावरत वायर ओलांडून गेली.

सकाळी चाचणी घेतली. एकही फ्रेम गळली नाही! तिघांनी उड्या मारल्या. दुपारी जेवून पुन्हा चाचणी. झकास! आणि चार वाजले मात्र... पडद्याच्या कोपऱ्यातला हिरवा ठिपका पिवळा झाला, पिवळ्याचा लाल!

"गळतायत! भराभर गळतायत!" दादा ओरडला.

"असं कसं?" स्वानंदीचा चेहरा पांढराफटक पडला. "सकाळी ठीक, दुपारी ठीक, आणि चारला रस्ता तुंबला? कालपण चारच वाजले होते!"

तेवढ्यात अरुणकाका डोकावला. बाबांचा धाकटा भाऊ, आयटी कंपनीत मोठ्या हुद्द्यावर, घरूनच काम करणारा. "दिवसभर गेम खेळाल तर नेट बिचारं काय करणार? गेमच बंद करा, गळती बंद!"

"काका, दुसरंच काहीतरी नेट खातंय!" मैथिली म्हणाली.

"मी बारा वर्षं आयटीत आहे, मैथिली. मला शिकवू नकोस!" आणि काका चहाला निघून गेला.

"तो शिकणार नाही. आपणच शोधू," मैथिली म्हणाली. "आधी सगळं बंद करा!"

टीव्ही बंद. दादाचा संगणक बंद. काकाची मीटिंग संपली होती, लॅपटॉप मिटलेला. सगळ्यांचे फोन विमान मोडवर. आत्याचा तर ती देवाला हात जोडत असताना मैथिलीने गुपचूप केला. आई-बाबा ऑफिसात. घरात नेट वापरणारं आता काही म्हणता काही उरलं नाही.

आणि तरीही राउटरचा हिरवा दिवा फडफडत होता! टपटपटपटप!

तिघं डोळे फाडून पाहत राहिले. "म्हणजे..." मैथिलीचा आवाज चिरकला, "आपल्या घरातून कुणीतरी काहीतरी बाहेर पाठवतंय!"

"भूत?" दादा दोन पावलं मागे सरकला.

"भुताला वायफायचा पासवर्ड कुणी दिला?" स्वानंदी म्हणाली, पण तिचाही हात मैथिलीच्या दंडावर घट्ट बसला होता.

पलंगाखाली पाहिलं, फ्रिजमागे पाहिलं, गिझरवर पाहिलं. शेवटी दादा हॉलमधल्या कपाटावर चढला. वर गणपतीच्या मखराचे थर्माकोलचे खांब होते, झेंडूच्या कापडी माळा होत्या, आणि त्या माळांच्या आड...

"आई गं!" दादा पडता पडता वाचला.

माळांमधून एक काळा वाटोळा डोळा रोखून पाहत होता! त्याच्या कपाळावर निळा दिवा जळत होता.

मैथिलीला एकदम आठवलं. जयपुरात घरी गणपती बसवायचा, आणि सांगलीचे नातेवाईक काही एवढ्या लांब यायचे नाहीत. म्हणून अरुणकाकाने मखरासमोर कॅमेरा लावला होता, आवाजासकट! सांगलीत सगळ्यांच्या फोनवर घरबसल्या दर्शन आणि आरती. गणपती पाण्यात गेला त्याला दोन महिने होत आले. पण कॅमेरा? तो तर अजून इथेच! आणि त्याच्या बरोब्बर समोर आत्याचा दिवाण!

"म्हणजे दोन महिने..." तिने हॉलभर नजर फिरवली. ह्याच हॉलमध्ये तिने आरशासमोर नाच केला होता. बाबा बनियनवर पेपर वाचत होते. आणि आत्या! आत्या काय काय बोलली होती!

"काका!" ती स्वयंपाकघरात धावली. "गणपतीचा कॅमेरा चालू आहे!"

"छे! मी विसर्जनाच्या रात्रीच बंद केला. माझ्या फोनमधून ॲपच काढून टाकलं."

"ॲप काढलंस? आणि कॅमेरा?"

"ॲप नाही म्हणजे कॅमेरा नाही. सोपं आहे!" काकाने बिस्कीट चहात बुडवलं. "तो दिवा नुसता विजेचा असतो गं. कोण बघणारे?"

मैथिली तोंडाचा आ वासून परत आली. बारा वर्षं आयटीत!

"प्लग उपटू," दादा म्हणाला.

"थांब!" मैथिलीने त्याचा हात धरला. "आता उपटला तर काका म्हणेल गेमचाच दोष होता. आणि पलीकडून कोण बघतंय ते आपल्याला कधीच कळणार नाही. सांगलीवाले असतील तर ठीक. चोर असला तर?"

मग मैथिलीचे डोळे लकाकले. तिने दोघांच्या कानात काहीतरी सांगितलं.

आत्या चहाचा कप घेऊन दिवाणावर बसली. समोर अरुणकाका येऊन टेकला. मैथिलीने कपाटाकडे तोंड केलं आणि घर दणाणेल अशा आवाजात म्हणाली, "आत्या! सांगलीच्या बापूकाकांनी दिलेली पितळेची समई अरुणकाकाने पाडली! पार वाकली! आणि त्याने ती लपवून ठेवलीय!"

आत्याच्या कपातला चहा बशीत सांडला. "काय? वाडवडलांची समई?"

"मी? कधी? कुठली समई?" काका ताडकन उभा राहिला. "ही पोरगी खोटं..."

ट्रिंग! ट्रिंग! काकाचा फोन वाजला. स्वानंदीने तो आधीच विमान मोडवरून काढून टीपॉयवर ठेवला होता. दादाने झडप घालून स्पीकर सुरू केला.

"अहो अरुणभावजी!" सांगलीहून बापूकाकांच्या बायकोचा, लताकाकूचा आवाज खणखणला. "समई वाकवलीत? आणि लपवलीत? इकडे हे नुसते तळमळतायत हो!"



"लतावहिनी," काका चाचरला, "तुम्हाला... तुम्हाला कसं कळलं?"

"कसं म्हणजे? बघतोय ना आम्ही! मी स्वयंपाकघरात, हे खोलीत, वरची दोघं आपापल्या फोनवर. रोज चारच्या चहाला वन्संची बैठक चुकवत नाही कुणी! आणि वन्सं, कपाळावरचा हात काढा आधी, कुंकू पुसलं जाईल!"

आत्याचा हात खरोखरच कपाळावर होता! तो विजेचा झटका बसल्यासारखा खाली आला.

"लता!" आत्या ओरडली. "दोन महिने बघतेस, आणि एका शब्दाने बोलली नाहीस?"

"आम्हाला वाटलं, मुद्दामच चालू ठेवलाय! माझी शेव तेलकट म्हणालात, तेही ऐकलं हं! यंदा कमी तेलाची पाठवलीय."

आत्याचा चेहरा आधी लाल झाला, मग जांभळा. पण हार मानेल ती आत्या कसली! "तेलकट होतीच ती! तोंडावरही तेच म्हटलं असतं!" मग ती वळली, आणि सगळ्यांना वाटलं आता मैथिलीची धडगत नाही. "समई?"

"समई शाबूत आहे, आत्या. मी खोटं बोलले. कोण बघतंय ते कळायला दुसरा उपायच सुचेना!"

आत्या देवघरात गेली, समई दोन्ही बाजूंनी पाहून आली आणि थेट काकासमोर उभी राहिली. "अरुण. मीटिंगा बस झाल्या. चढ कपाटावर!"

काका मुकाट्याने चढला. प्लग निघाला. निळा दिवा विझला. राउटरचा फडफडणारा दिवा संथ लुकलुकू लागला. "चार फोनांवर चार वेळा चित्रं जात होती," स्वानंदी म्हणाली, "त्या गल्लीत बिचाऱ्या निळ्या गाडीला वाट कुठून मिळणार?" दादाने संगणक सुरू करून चाचणी लावली. लाल नाही, पिवळा नाही. हिरवागार!

अंतिम शर्यतीच्या दिवशी आत्याने घरातला एकूणएक फोन पिठाच्या डब्यात कोंडला. बाकी राहिला तो प्रक्षेपण पाहायला घेतलेला मैथिलीचा. आत्या स्वतः केबलजवळ पाट टाकून बसली. "वायरीला पाय लावेल त्याचा पाय मोडेन!" काका पाणी प्यायला निघाला होता, तो तहान विसरून परत बसला.

चार वाजले. गाड्या सुटल्या! मैथिलीचे डोळे कोपऱ्यातल्या ठिपक्यावर, स्वानंदीचे मोबाइलवर. निळी गाडी पाचवी... तिसरी... टेकडीच्या वळणावर दुसरी! शेवटच्या सरळ रस्त्यावर पिवळी गाडी आणि निळी गाडी नाकाला नाक लावून धावली, आणि पिवळी केसभर पुढे गेली.

दादा दुसरा आला.

मैथिलीने हळूच विचारलं, "किती गळल्या?"

"एकही नाही," दादा म्हणाला. हरलेल्या मुलाचं एवढं रुंद हसू तिने कधी पाहिलं नव्हतं.

पिवळी गाडी मुरलीपुऱ्याच्या विनयची. परवा 'चीटर' हा शब्द सगळ्यात आधी त्यानेच लिहिला होता. आता सगळ्यांसमोर त्याचाच शेरा आला. 'टेकडीवर तू मला असा दाबलास की घाम फुटला. परवाही असाच जिंकला असणार. माझा शब्द मागे घेतो.' त्याखाली आयोजकांनी लिहिलं, 'निलयचा परवाचा विजय कायम.'

अरुणकाकाने घसा खाकरला. "मैथिली, बारा वर्षांत मला जे सुचलं नाही ते तुला एका दुपारी सुचलं. शाब्बास! तुम्हा तिघांचीही."

"शाब्बास काय नुसतं कोरडं?" आत्या पाटावरून उठली आणि सांगलीहून आलेल्या शेवेचा आख्खा डबा तिने मैथिलीच्या हातात दिला. "घरात दोन महिने कुणाला दिसलं नाही ते ह्या पोरीने पाहिलं. गुणाची आहे माझी भाची! निलय, तुझा दुसरा नंबर चारचौघांत ताठ मानेने सांग. आणि स्वानंदी, तू जेवूनच जायचंस."

मैथिलीने शेव तोंडात टाकली. "आत्या, अजिबात तेलकट नाहीये गं!"

"ठाऊक आहे," आत्या आवाज खाली आणून म्हणाली. "पण लताला कुणी सांगायचं नाही!"