मिसेस योडरना दिलेला शब्द

विश्वास ठेवा अगर ठेवू नका, पण हे माझ्याच बाबतीत घडलंय. मागच्या मार्चमध्ये, अमेरिकेतल्या स्टेट कॉलेज नावाच्या गावात. तेही भर दुपारी. यात भीतीपेक्षा माझी लाजच जास्त आहे.

मी संग्राम. इथल्या विद्यापीठात पीएचडी करतो. जर्मन लोकांच्या पूर्वजांची मौखिक कविता हा माझा विषय. त्या टोळ्यांना कविता लिहून ठेवायची सवय नव्हती. शब्दांचे सुरुवातीचे आवाज जुळवायचे, म्हणजे ओळी तोंडात राहतात. पुढे भाषा पार बदलली, तरी काही ओळी टिकल्या.

अशाच ओळी मिसेस योडरना येत होत्या. डोंगरापलीकडच्या गावात राहायच्या. वय नव्वद. पूर्वज जर्मनीतून आलेले, घरी अजून जुनी जर्मन बोली. भाजल्यावर म्हणायचा एक मंत्र त्यांना पाठ होता, पिढ्यान्पिढ्या तोंडी आलेला.

रेकॉर्डिंगला त्या कशाबशा तयार झाल्या. फोन चालू करण्याआधी त्यांनी माझा हात धरला.

"ऐक हवं तेवढं. पण लिहू नकोस. लिहिलं की तोंडातून जातं."

"प्रॉमिस," मी म्हणालो.

मनात म्हटलं, इंग्रजीतली शपथ कुठे लागते!

जानेवारीत त्या गेल्या. फेब्रुवारीत मी मंत्र लिहून काढला आणि निबंधात घातला. मेलेल्या बाईला कोण विचारतंय, असं वाटलं होतं. हे सांगतानाही मान खाली जाते.

सेमिनारच्या आदल्या संध्याकाळी माझ्या रूममेटने, सौमित्रने, रेकॉर्डिंग ऐकलं होतं. "काय खणखणीत आवाज आहे यार आजींचा!"

दुसऱ्या दिवशी वर्गात प्ले केलं.

घड्याळाची टिकटिक...

कपात फिरणारा चमचा...

आणि मंत्राच्या जागी... काहीच नाही.

प्रोफेसरांनी व्हॉल्यूम वाढवला.

मग आवाज आला. माझाच. मराठीत.

"नाही लिहिणार. आईशप्पथ."

वर्गात कुणालाच कळलं नाही. मला कळलं. कान तापले.

हे मी कधी बोललोच नव्हतो. आणि शब्द दिला तेव्हा फोन खिशात होता. बंद.

घरी सौमित्रने ते तीनदा ऐकलं. "अरे, आजी कुठे गेल्या? आणि तू आईची शपथ घेतली होतीस?"

"नाही रे."

"मग हा कोण बोलतोय?"

मी घाबरून कराडला आईला फोन लावला. तिथे पहाट होती.

"आई, बरी आहेस ना?"

"मला काय धाड भरणार आहे?" ती हसली. मग म्हणाली,

"गंमत सांगू? रोज तुळशीला पाणी घालताना ओवी म्हणते ना मी? आज सुरूच होईना. पहिला शब्दच गेला बघ. तुला येते का रे?"

मी ती कधी शिकलोच नव्हतो.

निबंधातलं ते पान मी काढून टाकलं. दर रविवारी आईला विचारतो, आठवली का? ती म्हणते, वय झालं रे. तिला खरं सांगायची हिंमत अजून झालेली नाही.

मिसेस योडरचा मंत्र मात्र मला अक्षरन्‌अक्षर पाठ आहे. कितीही प्रयत्न केला तरी विसरता येत नाही.