गाण्याआधीचं हसू

दोनशे टनांची प्रेस धाडकन पत्र्यावर आली आणि पाहुणा असा काही उडाला, की डोक्यावरचं हेल्मेट घरंगळत थेट योगिनीच्या पायाशी! चाकणच्या त्या कारखान्यात योगिनी क्वालिटी तपासायची. पोट धरून हसली ती.

"मशिनचे आवाज टिपायला मालकांची परवानगी काढून आलोय," हातातला माइक सावरत तो म्हणाला. "निरंजन. हिप-हॉपचं संगीत बनवतो. चऱ्होलीत स्टुडिओ आहे, स्वतःची रेकॉर्ड कंपनीसुद्धा."

"आणि मशिनला घाबरता?"

"मशिनला नाही… आता तुम्हाला घाबरतोय."

मग दर शनिवारी शिफ्ट सुटली की गेटसमोरच्या टपरीवर चहा, आणि जुनी गाणी ऐकत एकेक इअरफोन दोघांच्या कानात; स्वतःची गाणी मात्र तो कधी ऐकवेना. 'तुम्ही'चं 'तू' झालं. आठ महिने झाले, तरी हा बाबा मनातलं काही बोलेना.

अशात मोनिकाचं गाणं आलं. हिंजवडीत नोकरी करणारी ही रॅपर निरंजननंच पुढे आणलेली. गाणं तुफान चाललं. सुरुवातीला एका मुलीचं हसू होतं.

"मॅडम, निरंजनच्या हल्लीच्या सगळ्याच गाण्यांना हे हसू असतंय," कँटीनमध्ये प्रेसवरचा कुलदीप म्हणाला. "प्रोड्यूसरचा शिक्का असतोय तो, गाणं कुणी बनवलं ते कळायला. मोनिकाचंच असणार, दुसरं कुणाचं?"

योगिनीनं ताट तसंच सरकवलं. घरी जाऊन तिनं ते हसू अकरा वेळा ऐकलं. काय ते हसणं! शेळी खोकल्यासारखं! अशा हसण्यावर भाळला मेला? ती जळत होती, आणि आपण जळतोय हे कळत असल्यानं आणखीच जळत होती.

शनिवारी निरंजन कागद घेऊन आला. "एक सही हवी होती."

"मोनिकाकडून घ्या. तुमचा शिक्का आहे ना ती!"

"'घ्या'? 'तुमचा'? काय झालं गं? मुंबईची कंपनी आमची सगळी गाणी घेतेय. ते म्हणतात, हसणारीची लेखी परवानगी आणा, नाहीतर हसू काढून टाका."

"मग टाक काढून! ते शेळीचं खोकणं—"

"शेळी?" निरंजन बघतच राहिला. मग त्यानं तिच्या कानात इअरफोन घातला. या वेळी रेकॉर्डिंग न कापलेलं होतं. धाड! प्रेसचा ठोका. हेल्मेट पडल्याचा आवाज. आणि मग… ते हसू.

योगिनीचे कान तापले. इतके दिवस ती स्वतःवरच जळत होती.

"हे… मी?"

"तूच. सही दिली नाहीस, तर त्या कंपनीला नाही म्हणेन. हसू काढणार नाही."

"आठ महिन्यांत बोलला का नाहीस रे?"

"प्रत्येक गाण्याआधी बोलत होतो की!" तो हळूच म्हणाला. "आवडतेस तू मला. पहिल्या दिवसापासून."

तिनं डोळे पुसले, पेन घेतलं. सही केली आणि खाली ठळक अक्षरांत लिहिलं— अट : याच्या गाण्यात दुसरी कुणीही हसणार नाही.

"आणि मोनिका?" त्यानं विचारलं.

"तिनं आपलं गावं!"

निरंजननं अटीखाली सही ठोकली. ते पाहून योगिनीला हसू आलं, अगदी शेळीसारखं. त्यानं माइक बाहेर काढला नाही. तिचा हात मात्र धरला.