रस्ता बंद म्हणायचं नाही

हात काढ त्या माउसवरून. काढ म्हणतोय ना. चहा घे आधी, मग काय ते बंद कर.

रागावलो नाही गं मी. तुम्ही दोघं नवीन आहात, या खोलीत रात्रपाळी म्हणजे सर्व्हरची ही कुजबुज ऐकत बसणं, कुणालाही वाटेल की गप्प करावं यांना. पण गप्प करण्याआधी कुणाला गप्प करतोय ते बघायचं असतं. माझ्या ओळखीचा एक जण होता, त्याची गोष्ट सांगतो. खरी आहे. तुम्हाला थाप वाटली तर वाटू दे.

गेल्या वर्षी चौदा नोव्हेंबरला, गुरुवारी, हा माणूस दुपारी गाडी घेऊन निघाला. काम साधं होतं. डोंगरातला एक दवाखाना कायमचा बंद झाला होता, तिथला सर्व्हर आणि छपरावरची उपग्रहाची डिश उतरवून मोठ्या इस्पितळात आणायची. याला सगळे शांत्या म्हणायचे. यंत्र आवाज करायला लागलं की याच्या डोक्यात तिडीक जायची, म्हणून.

आता तो दवाखाना बंद का झाला, ते आधी सांगायला हवं.

मोठ्या इस्पितळाच्या हाताखाली असे अकरा दवाखाने. प्रत्येकात एक मेलचा सर्व्हर. आणि हे सर्व्हर शेजाऱ्यापाजाऱ्यांसारखे एकमेकांना सतत खबर देत असतात, माझ्याकडचा रस्ता चालू आहे, माझ्याकडचा बंद पडला, मेल दुसरीकडून पाठवा. डोंगरातली लाइन तर तासाला चाळीस वेळा तुटायची आणि जुळायची. दर वेळी तिथला सर्व्हर सगळ्यांना कळवणार, ते दहा जण ते पुन्हा एकमेकांना सांगणार. एवढीशी लाइन, ती याच गप्पांनी तुंबायची. एक्स-रे पाठवला तर पेशंट बरा होऊन घरी जायचा, मग एक्स-रे पोचायचा.

शांत्याने उपाय काढला. डोंगरातल्या सर्व्हरवर एक सेटिंग बदललं. आजपासून रस्ता बंद म्हणायचं नाही. लाइन तुटो, काही होवो, तू ती चालू आहे असंच धरून चालायचं. झालं! गप्पा थांबल्या, लाइन मोकळी झाली, एक्स-रे धडाधड यायला लागले. साहेबांनी याची पाठ थोपटली.

तिथल्या कंपाउंडरने मात्र लगेच फोन केला होता.

"साहेब, आमच्या यंत्राला गप्प नका करू."

"काका, तुमचं यंत्र तासाला चाळीस वेळा शिंकतं, आणि इथे दहा जण रुमाल काढतात."

"शिंकू दे की. लाइन गेली की फोन पण जातो इथला. मोबाइलला रेंज नाही. मग त्या डिशवरून मेल तेवढा जातो. पण लाइन बंद आहे हे यंत्राने मानलं तरच तो डिशकडे वळतो ना?"

बघा, साठीला आलेला, एका बोटाने टाइप करणारा कंपाउंडर, पण त्याला बरोबर कळलं होतं. एकच रस्ता असेल तिथे गप्प केलं तर चालतं. दोन रस्ते असतील तिथे कधीच नाही. हे शांत्यालाही माहीत होतं. त्याला वाटलं, बघू पुढच्या आठवड्यात. आणि राहून गेलं.

त्याच्या आदल्या वर्षीच्या सप्टेंबरात लाइन तुटली, ती तीन दिवस जुळली नाही. पहिल्याच रात्री तिथे एक बाळंतीण अडली. डॉक्टर रजेवर, दवाखान्यात कंपाउंडर एकटा. त्याने गाडी मागवायला मेल पाठवला. एक नाही, चार पाठवले. सर्व्हर आपला लाइन चालू आहे असं धरून त्याच तुटक्या तारेवर धडका मारत राहिला. डोक्यावर डिश होती. धडधाकट. तिच्याकडे तो वळलाच नाही.

बाई पहाटे गेली. मूलही गेलं.

तिसऱ्या दिवशी लाइन जुळली. सर्व्हर दर दहा मिनिटांनी पुन्हा प्रयत्न करतो. म्हणजे ते चार मेल सुटायला जास्तीत जास्त दहा मिनिटं होती. तेवढ्यात शांत्या मोठ्या इस्पितळात बसून त्या सर्व्हरमध्ये शिरला. चार मेल रांगेत उभे दिसले. त्याने ते उघडले नाहीत. वाचायची छाती झाली नाही. डिलीट केले. कंपाउंडरच्या खात्यात ज्या नकला होत्या त्याही केल्या.

...नाही, तू बरोबर बघतेयस माझ्याकडे. माणूस असा वागतो. मी त्याची बाजू घेत नाही.

चौकशी झाली. म्हातारा सांगून सांगून थकला, मी चारदा कळवलं. शांत्याला विचारलं, रेकॉर्ड काय म्हणतं? तो म्हणाला, रेकॉर्डमध्ये काही नाही. कागदावर शब्द आला, हलगर्जीपणा. कंपाउंडरची नोकरी गेली, दवाखान्याला कायमचं कुलूप लागलं, आणि दोन महिन्यांत म्हाताराही गेला. काही आजार नव्हता. त्याची बायको दर महिन्याला इस्पितळाच्या मोठ्या डॉक्टरीणबाईंकडे यायची. तिचं एकच मागणं, माणूस तर परत येत नाही, तेवढा शब्द पुसा. बाकावर बसून राहायची. शांत्या जिन्याने जायचा, तिच्या समोरून जायला नको म्हणून.

तर चौदा नोव्हेंबर. कंपाउंडर जाऊन वर्ष होत आलं होतं. शांत्या पोचला तेव्हा दिवस मावळत होता. लाइन केव्हाच कापलेली. उजेड होता तोवर त्याने डिश उतरवली, नट पिशवीत घातले, डिश गाडीच्या डिकीत ठेवली. मग सर्व्हरमधली जुनी कागदपत्रं उतरवून घेतली, त्यात रात्रीचा एक वाजला. सर्व्हर बंद केला, प्लग काढला, वायरची गुंडाळी करून वर ठेवली. बाहेर धुकं इतकं की गाडीचं नाक दिसेना. म्हणाला, इथेच बाकावर पडू, पहाटे निघू.

दोन चाळीसला जाग आली.

पंखा फिरत होता. छताचा नाही... सर्व्हरचा.

तो उठून बसला. स्क्रीन चालू होती. वायरची गुंडाळी तशीच वर. प्लग लोंबत होता. त्याने हात लावून बघितला. सुटा होता.

स्क्रीनवर रांग होती. चार मेल. प्रत्येकापुढे लिहिलेलं, प्रतीक्षेत.

मग शेजारच्या खोलीतून आवाज आला. टक्... टक्... टक्. कीबोर्डचा. सावकाश. एका बोटाने.

त्या खोलीत कीबोर्ड नव्हता. टेबलसुद्धा नव्हतं. संध्याकाळी त्याने स्वतः बघितली होती. रिकामी खोली.

टक्... टक्...

दाराकडे बघवेना. नजर काढवेना.

"काका?"

आवाज थांबला.

कुणी आलं नाही. नुसतं... वाट बघणं. खोलीभर. कुणीतरी उत्तराची वाट बघत बसलंय, इतकंच. किती वेळ, त्याला सांगता येत नाही.

"काका, मी डिलीट केले. तुम्ही पाठवले होते. चारही."

तो बाकावरून उठून उभा राहिला.

"मी सांगतो त्यांना. आजच सांगतो."

पंखा थांबला. स्क्रीन विझली. अंधार.

सर्व्हर तिथेच टाकून तो धुक्यात गाडीत बसला. कशी चालवली देव जाणे. खालच्या वळणावर मोबाइलला रेंज येते. चार वाजून दहा मिनिटांनी तिथे गाडी उभी केली आणि डॉक्टरीणबाईंना मेल लिहिला. सेटिंग मी बदललं, मेल मी काढून टाकले, कंपाउंडर निर्दोष आहे. वाचून बघितला नाही. वाचला असता तर पाठवला नसता. पाठवला. आणि स्टिअरिंगवर डोकं ठेवून रडला. वर्षभराचं रडणं होतं ते.

नऊ वाजता बाईंचा फोन.

"तुमचा मेल वाचला. नोकरी राहणार नाही, माहीत आहे ना?"

"हो बाई."

"तो शब्द आज निघेल. त्यांच्या बायकोला मी स्वतः जाऊन सांगते." मग म्हणाल्या, "पण काढून टाकले म्हणता, मग हे चार आले कुठून?"

"कुठले चार?"

"कंपाउंडरचे. तुमच्या आधी आलेत. पावणेतीनला."

बाईंनी ते चारही शांत्याकडे पाठवले. मेल कुठल्या कुठल्या रस्त्याने आला, त्याचे शिक्के मेलच्या डोक्यावर असतात, हे तुम्हाला मी परवाच शिकवलं. चारही मेल डिशवरून आले होते. आणि डिश तेव्हा डिकीत होती, नट पिशवीत.

पहिल्या तीन मेलमध्ये एकच, गाडी पाठवा. चौथा थोडा मोठा होता. "गाडी जमत नसेल तर निदान उत्तर द्या. कुणी येतंय का, असं ही बाई सारखी विचारते आहे. हिला काय सांगू?"

...

काय विचारायचंय, विचार. नाही, शांत्या पुन्हा मोठ्या ठिकाणी लागला नाही. कुठेतरी लहानशा इस्पितळात रात्रपाळी करतो, पोरांना शिकवतो. शब्द निघाला. कंपाउंडरची बायको त्या कागदाची प्रत घेऊन गेली, नंतर कधी आली नाही. तिथवर ठीक झालं.

फक्त तो चौथा मेल. तुम्हाला माहीत आहे, न वाचलेला मेल ठळक अक्षरांत दिसतो, उघडून वाचला की अक्षरं साधी होतात. पहिले तीन झाले साधे. चौथा होत नाही. रोज उघडायचा, शेवटच्या अक्षरापर्यंत वाचायचा, बंद करायचा... आणि बघायचं तर तो ठळकच.

आज संध्याकाळी कामावर येण्याआधी वाचला. आत्ताही ठळक आहे.