मुंढ्याचा व्हिडिओ

नेहमीचं दुकान बंद नसतं, तर सत्यशीला बाबूभाईंच्या मोबाइल-दुरुस्तीच्या दुकानाची पायरी चढलीच नसती. पण मे महिन्यात बल्लारपूर स्टेशनाबाहेर माणूस पाटी बघून दुकान निवडत नाही, सावली बघून निवडतो. ओढणीनं कपाळ टिपत ती आत शिरली आणि पिशवीतला टॅब काढून काउंटरवर ठेवला.

काउंटरमागच्या पोरानं, म्हणजे पोरगा कसला, तिशीला टेकलेला असेल, पेचकस खाली ठेवला. टॅबकडे त्यानं बघितलंच नाही. बघत राहिला तो कव्हरकडे. लाल-पिवळ्या ठिगळांचं, आत कापूस भरून टाचलेलं, तिनं हातानं शिवलेलं कव्हर.

"मॅडम, याले थंडी वाजते का?"

"पडून फुटू नाई म्हणून शिवलं."

"पंचेचाळीस डिग्रीत गोधडी पांघरवली बिचाऱ्याले! मंग तापून अटकन नाई तर काय करन?"

"गोधडी काढूनबी अटकते. हसाचं नसन तर सांगतो."

"नाई हसत," असं म्हणून तो हसला... आणि तिचा चेहरा बघून लगेच टॅबकडे वळला.

मग तिनं सांगितलं. आठवडाभर ती इथंच बल्लारपुरात ब्लाउज शिवायची. रविवारी मुलचेऱ्याला जाऊन अकरा बायांना शिवण शिकवायची. उरलेले सहा दिवस त्या बाया टॅबवर बघून हात बसवायच्या. भाच्यानं त्याच्या भारी फोनवर आठ व्हिडिओ काढून दिले होते. त्यात फक्त तिचे हात, कात्री आणि आवाज. पण या स्वस्तातल्या टॅबवर चित्र मागं अडकायचं आणि आवाज पुढं पळायचा.

"मागच्या बुधवारी चित्र गळ्यावरच थांबलं. आवाज पोचला मुंढ्यावर... म्हणजे बाही बसते ती गोलाई. मी म्हणून राह्यली, आता खोल कापा. मंगलीनं कापला गळा! पोरीच्या लग्नाचं कापड होतं. मागचा गळा पार कमरेले टेकला."

या वेळी तो हसला नाही.

"आता बाया म्हणतात, टॅबातली बाई खोटं बोलते. या रविवारी पुन्हा तसंच झालं तर एकबी येणार नाई. दोन वर्षं लागली मले त्यायले घराबाहेर काढाले."

त्यानं टॅब उघडला, दोन-तीन ठिकाणी बोट फिरवलं. "टॅब चांगला हाये. व्हिडिओच भलते जड हायेत. बैलबंडीवर कोळशाचा ट्रक रिता केल्यावानी झालं. हलके करून देतो, दिसन तसंच."

"किती वेळ लागन?"

त्यानं कॉम्प्युटरकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "मशीन जुनं हाये... रोज दोन होतील. तुमी संध्याकाळी येऊन पाहून जात जा. शिवणातलं मले काय समजते?"

"अबे, एका दुपारचं तर काम हाये!" आतून बाबूभाई म्हणाले.

"बाबूभाई, चाय प्यायले गेले नाई तुमी अजून?"

सत्यशीलानं ऐकलं, आणि न ऐकल्यासारखं करून ओढणी सावरली. पावतीवर तिचं नाव लिहिताना तो थोडा थांबला. निघताना हळूच म्हणाला, "जय भीम. मी अश्वजित."

मग रोज संध्याकाळी तिची पावलं स्टेशनाकडे वळायला लागली. व्हिडिओ बघायला पाच मिनिटं लागायची. बाकीच्या पाऊण तासाचं काय व्हायचं, कुणास ठाऊक!

"गळ्याले चार बोटं सोडाची, बरोबर?" एक दिवस त्यानं विचारलं.

"तुमाले कायले पाहिजे?"

"तीनदा पाह्यला मी. कुठी अटकू नाई म्हणून." जरा वेळानं, पडद्यावरून नजर न काढता — "तुमच्या डाव्या अंगठ्यावर तीळ हाये."

तिनं अंगठा मुठीत लपवला.

"व्हिडिओत तोंड काऊन नाई दाखवलं?"

"शिकणाऱ्यानं हात पाहावं."

"आन् जो शिकत नाई, त्यानं —?"

"त्यानं काम पाहावं," ती म्हणाली. पण घरी जाताना तिचं हसू ओढणीतही मावत नव्हतं.

गुरुवारी त्यानं मान हलवली. सात झाले, पण मुंढ्याचं मूळ शूटिंगच मधे खराब होतं. नव्यानं काढावं लागेल. शुक्रवारी तिनं फोन स्टीलच्या डब्याला टेकवून घरीच तो धडा काढला आणि त्याला पाठवून दिला. टॅब रविवारी सकाळी स्टँडवर आणून देतो, असं त्यानं कळवलं. रविवारी मुलचेऱ्याच्या एसटीत बघते तर अश्वजित आधीच बसलेला, मांडीवर टॅब.

"तुमी?"

"आमच्या दुकानची गॅरंटी घरपोच असते."

मंगलीच्या ओसरीवर अकरा बाया जमल्या होत्या, पण कापड एकीनंही बाहेर काढलं नव्हतं. मंगलीनं तेवढं नवं कापड अंथरलं, टॅब मांडीजवळ घेतला. "बाई, हे शेवटचं. बिघडलं तर मी शिवणच सोडतो."

व्हिडिओ सुरू झाला. पडद्यावर खडू फिरला, आवाज त्याच्यासोबत फिरला. कात्री उघडली तेव्हाच 'आता कापा' ऐकू आलं. मंगलीची कात्रीही निघाली. पाण्यात होडी जावी तशी गोलाई सरत गेली...

आणि सत्यशीलाला एकदम आठवलं. धडा संपल्यावर तिनं रेकॉर्डिंग बंद केलं होतं का? नव्हतं! आई आली होती. "रोज त्या दुकानात काऊन जातं वो?" असं विचारलं होतं. आणि ती म्हणाली होती, "टॅब सुधरूच नाई, आई. सुधरला तर कोणत्या तोंडानं जाऊ?"

टॅब मंगलीजवळ, मधे दहा बाया. पडद्यावरच्या हातांनी कात्री खाली ठेवली — आणि व्हिडिओ तिथंच संपला.

मंगलीनं तुकडा उजेडात धरला. नितळ गोलाई. "खरं बोलते वो आपली बाई!" ती ओरडली, तशी दहा पिशव्यांतून भराभर कापडं निघाली.

सत्यशीला अंगणातल्या हातपंपाशी गेली. मागोमाग तो.

"शेवटचं... कापलं तुमी?"

"कापलं. क्लासच्या कामाचं नव्हतं." तो पंपाच्या दांड्याशी उगाच चाळा करत होता. "माया कामाचं होतं. ठेवलं हाये."

पाणी येत नव्हतं, तरी तिनं हात धुतले.

"टॅब तर सुधरला," तो म्हणाला. "आता मी कोणत्या तोंडानं येऊ, तेवढं सांगा."

"तोंड एकच तर हाये तुले." पहिल्यांदाच तिच्या तोंडून 'तू' निघालं. तिनं ते परत घेतलं नाही. "तेच घेऊन ये घरी, बुधवारी. आईले सांगून ठेवतो."

"आईले काय सांगशीन?"

"ते मी अन् आई पाहून घेऊ."

तेवढ्यात ओसरीवरून मंगलीची हाक आली, "बाई, भात टाकून राह्यली मी. त्या दुकानवाल्या भाऊले विचारा, जेवते का जाते?"

अश्वजितनं तोंड उघडलं.

"विचाराचं काय त्यात?" सत्यशीला म्हणाली, "त्याचाबी टाक."