दुसऱ्या पाळीचं अंथरूण

हे कुणालाही सांगायचं नाही, असं आकांक्षाने मला गळ्याची शपथ घालून बजावलं होतं. आम्ही दोघी भोईवाड्यातल्या एकाच चाळीत समोरासमोरच्या खोल्यांत राहतो आणि वर्गात एकाच बाकावर बसतो. तिने जसं सांगितलं तसंच लिहिते आहे. माझ्या पदरचं काही घालत नाही.

त्या दिवशी शाळा सुटल्यावर आकांक्षा मेडिकलमधून नानांच्या गोळ्या घेऊन घरी आली. नाना म्हणजे तिचे आजोबा. गणपतीनंतर त्यांना झटका आला आणि डावी बाजू लुळी पडली. आईबाबा कामावर जायचे, म्हणून दुपारी नानांना बघायचं काम आकांक्षाकडे होतं. पेज भरवायची, तोंड पुसायचं, कूस बदलायची. तिला त्याचा कंटाळा नव्हता. आकांक्षा फार हळू बोलते. वर्गात तिचं वाक्य पुरं व्हायच्या आत दुसरं कुणीतरी बोलायला लागतं. नाना तेवढे थांबायचे. धडधाकट होते तेव्हा जेवतानाही तिचं बोलणं संपेपर्यंत हातातला घास खाली ठेवून बसायचे.

तिने चमचा पुढे केला, पण नानांनी तोंड उघडलं नाही. ते आपल्या पायांकडे बघत होते.

"दगडू इलो," ते म्हणाले. "माका उठूक व्हया."

"कोण दगडू, नाना? इथे कुणी नाही."

"पायाकडे उभो आसा. तेची पाळी झाली."

आकांक्षाने पायांकडे पाहिलं. मोरीचं दार, दोरीवरचे कपडे आणि उन्हाचा एक पट्टा, बाकी काही नव्हतं. पण गॅलरीत घुमणारी कबुतरं तेवढ्यात एकदम गप्प झाली होती.

नानांनी अडखळत जे सांगितलं ते असं. फार वर्षांपूर्वी ही खोली म्हणजे गिरणी कामगारांचा गाळा होता. माणसं पुष्कळ आणि अंथरुणं थोडी. एक जण पाळीवर गेला की त्याच्या जागी पाळीवरून आलेला झोपायचा. अंथरूण कधी गार व्हायचं नाही. येणारा पायाशी येऊन उभा राहिला की झोपलेल्याने मुकाट उठायचं, हा गाळ्याचा कायदा. सगळे मालवणी, एक दगडू तेवढा साताऱ्याकडचा. नानांची आणि त्याची जागा एकच. एकदा नाना तापाने फणफणले होते. दगडू पायाशी आला, त्यांना हाक न मारता मागे फिरला आणि जिन्यात जाऊन पडला.

"तो परत उठलोच नाय," नाना म्हणाले. "माझ्यामुळे तेका निजाक गावला नाय."

त्यानंतर रोज दुपारी तीनच्या सुमाराला नाना पायांकडे बघू लागले. घाबरून अंग चोरायचे. त्यांना धाप लागायची. डॉक्टर म्हणाले, असं घाबरत राहिले तर दुसरा झटका येईल. आकांक्षाला तेवढंच कळलं, की नाना जातील.

रविवारी तिचा आतेभाऊ गौतम अँटॉप हिलवरून आला. तो मानसशास्त्रात एमए करतो. त्याने नानांचं सगळं बोलणं मोबाइलवर रेकॉर्ड केलं आणि मग गॅलरीत चहाचा ग्लास घेऊन तिला समजावत बसला.

"अक्की, घाबरायचं काय त्यात? जिना उतरताना अजून एक पायरी आहे असं वाटून पाय धपकन आपटतो की नाही? ती पायरी कुठे असते?"

"कुठेच नसते."

"मेंदूत असते. मेंदू आधी अंदाज करतो, मग बघतो. नानांच्या मेंदूचा बघणारा भाग दुखावलाय, अंदाज करणारा चालू आहे. वर्षानुवर्षं तीन वाजता पायाशी माणूस यायचा, म्हणून तो येतो. भुताखेताच्या निम्म्या गोष्टी इथेच संपतात बघ."

"आणि उरलेल्या निम्म्या?"

गौतम हसला. "त्यातही थिअऱ्या आहेत. काही जण तर म्हणतात, जाणीव मेंदूत तयारच होत नाही. मेंदू तिला नुसती राहायला जागा देतो."

आकांक्षाने दारातून आत नानांच्या अंथरुणाकडे पाहिलं. "मग एकाच जागेत दुसरं कुणी..."

"ए बाई! ते सिद्ध बिद्ध काही झालेलं नाहीये. तू एक कर. नानांशी वाद घालू नकोस. त्यांच्या मनातलं ते काम अर्धं राहिलंय, ते पुरं होऊ दे. सांग त्यांना, द्या जागा. जरा वेळ उठवून बसव, परत झोपव. बंद होईल सगळं."

सोमवारी दुपारी नानांचा श्वास वाढला तेव्हा आकांक्षा त्यांच्या कानाशी वाकली. "नाना, उठा. देऊया त्यांना जागा."

नानांनी तिचा हात घट्ट धरला. "माका परत येऊक मिळात मां, बाय?"

"हो नाना. मी आहे ना इथे."

तिने त्यांना उचलून भिंतीला टेकवून बसवलं. अंथरूण रिकामं झालं. खोलीत हळूहळू एक वास भरू लागला, यंत्राच्या तेलाचा आणि ओल्या कापसाचा. तिने असा वास आधी कधी घेतला नव्हता, तरी तो गिरणीचा आहे हे तिला कळलं. मग उशी मध्यभागी खचली. एकदम नाही. दमलेला माणूस आवाज न करता डोकं टेकतो, तशी... सावकाश.

आकांक्षाने डोळे मिटून घेतले. ते उघडले तेव्हा नानांची मान छातीवर लोंबत होती. घाबरून तिने त्यांना खाली निजवलं. त्या खचलेल्या जागी त्यांचं डोकं बरोबर बसलं.

ते दिवेलागणीपर्यंत झोपले. मग उठून बसले, आपले आपण. लुळा हात वर करून त्यांनी तोंडावरून फिरवला.

"पोरी, च्या हाय का?" ते म्हणाले. "लई झोप झाली."

आकांक्षाच्या आईने त्या रात्री देवापुढे साखर ठेवली. डॉक्टरही चकित झाले. बोलण्याबद्दल गौतम म्हणाला, "झटक्यानंतर काही जणांचा बोलण्याचा ढंगच बदलतो. पुस्तकात आहे." सगळं घर आनंदात होतं. नाना आता नाक्यापर्यंत फिरून येतात. फक्त आकांक्षाने काही सांगायला सुरुवात केली, की ते अर्ध्यातून उठून जातात. आणि दुपारी झोपत नाहीत. अंथरुणाची वळकटी करून त्यांनी माळ्यावर टाकली आहे.

आता दुपारी खोलीत आकांक्षा एकटीच असते. आणि तीनच्या सुमाराला, अंथरूण असायचं तिथे पायाच्या बाजूला कुणीतरी येऊन उभं राहतं. दिसत नाही. धाप ऐकू येते. मग अगदी हळू...

"माझी पाळी झाली, बाय."

तिने गौतमला फोन केला. तो म्हणाला, "तुला जुने नाना हवेत, म्हणून तुझा मेंदू त्यांना उभं करतोय. आता हे कुणाला सांगू नकोस, घरात परत गोंधळ नको."

शेवटी काल तिने धीर केला. नाक्यावरून आलेल्या त्या माणसासमोर उभी राहून म्हणाली, "दगडूआजोबा, तीन वाजून गेले. नाना कधीचे उभे आहेत. द्या ना त्यांना जागा."

तो रागावला नाही, हेच तिला जास्त भीतीदायक वाटलं. नानांच्या डोळ्यांनी तिच्याकडे बघत तो म्हणाला, "पोरी, म्या येकदाच झोपलो. इतकी वरसं जागाच व्हतो गं."

आणि चपला घालून निघून गेला.

आज मधल्या सुट्टीत तिने मला हे सांगितलं, आणि पुढचंही. आज ती माळ्यावरून अंथरूण काढणार आहे आणि स्वतः त्यावर झोपणार आहे. नाना पायाशी आले की उठून त्यांना जागा देणार आहे. आपली जागा.

"थोडाच वेळ," ती म्हणाली. "दमलेत गं ते. मग मी परत येईन."

"आणि त्यांनी नाही दिली जागा तर?"

"माझे नाना आहेत ते, श्रेया."

तेवढ्यात घंटा झाली आणि आम्ही वर्गात गेलो. मी तिला अडवायला हवं होतं. गॅलरीतून मघाशी तिचं दार लागलेलं ऐकलं, मी जाऊन कडी वाजवली, तिने उघडली नाही. मोठं माणूस आत्ता आमच्या मजल्यावर कुणी नाही. माझी आई कामावरून आली, की हा कागद तिच्या हातात देणार आहे. तोंडाने सांगायला गेले तर माझी बोबडी वळेल.

कबुतरं गप्प झाली.

समोरचं दार उघडलं वाटतं. हो, आकांक्षाच आहे, तिचाच आवाज. मलाच तिकडे ये म्हणते आहे.

"गो चेडवा, वायच हयसर ये..."

जाते मी. पण आकांक्षाला मालवणी नुसती कळते, बोलता तर तिला कधीच