मागच्या बाकावरचं माप

जीपखालून दोन पाय तेवढे बाहेर दिसत होते. वरून पौषातलं धुकं उतरत होतं, पलीकडे उजनीचं पाणी राखाडी होत चाललं होतं, आणि सुप्रियाच्या हातात दिव्याचं ताट होतं.

"मावशी, तेवढा पाना द्या की जरा," जीपखालून आवाज आला.

सुप्रिया थबकली. बोलता तर येत नव्हतं. सूर्य बुडाला की पाण्याकाठच्या साती आसरा देवींपुढं दिवा लावून होईपर्यंत ओठ उघडायचे नाहीत, हा तिचा रोजचा नेम. तिनं ताट खाली ठेवलं, पाना उचलला आणि हात जीपखाली घातला.

"कुण्या गावच्या तुमी? ह्या वक्ताला ह्या वळणाला कशा?"

तिनं पाना आणखी आत सरकवला.

"मावशी...?"

बांगड्या तेवढ्या किणकिणल्या. गारठलेली बोटं त्याच्या बोटांना ओझरती लागली... जीपखालचा हात झटक्यात मागं गेला. मग डोकं लोखंडावर आपटल्याचा आवाज आला.

तो सरपटत बाहेर आला तेव्हा ती पाठमोरी बसून शेंदूर लावलेल्या सात दगडांपुढं वात पेटवत होती. ज्योत धरली, तिनं हात जोडले आणि वळली.

"मी मावशी न्हाय. मोहनरावांची लेक हाय. आन् ही गाडी आमची हाय."

"मला वाटलं..." तो कपाळ चोळत म्हणाला, "मला वाटलं, रंगूबाई."

"रंगूबाई एवढा येळ गप बसली असती व्हय?"

तो हसला. हसताना त्याच्या ग्रीस लागलेल्या गालाला खळी पडली, आणि सुप्रियानं उगीचच ताटातली विझलेली काडी नीट ठेवली.

रंगूबाई म्हणजे भिगवणपासून इंदापूरपर्यंतच्या सोयरिकी जुळवणारी बाई. गावोगाव माणसं भरून नेणाऱ्या वडापच्या एका जीपमध्ये मागचं बाक तिचं ठरलेलं. तोंडात मिश्री आणि जिभेवर कुणाची तरी उपवर पोर. तीन वर्षांमागं ह्याच वळणाला तिची बडबड थांबली; बसल्या बसल्या ती गेली. भिगवणला सगळे उतरले, ती उतरली नाही, तेव्हा कुठं कळलं. जीपवाल्यानं धसका घेतला आणि गाडी तोडून भंगारात घातली.

"तुमच्या गाडीला बसवलेला गिअरबॉक्स त्याच जीपचा हाय," तो मिस्त्री, अविराज, म्हणाला. "तुमच्या वडलांना ठावं हाय. ते म्हनले, लोखंडाला कसलं भूत."

अविराज मूळचा कोऱ्हाळ्याचा, बारामतीत गॅरेज. मोहनरावांच्या पेरूच्या बागेला जाणारी वाट काळ्या चिखलाची, तिथं चारी चाकं ओढणारी जीपच हवी. जुना गिअरबॉक्स गेला, हा घातला. पण हा निघाला लांब. मग गिअरबॉक्सापासून मागच्या चाकांपर्यंत फिरणारा शाफ्ट जागेत मावेना. अविराजनं मागची बाजू जॅकवर उचलून माप घेतलं आणि शाफ्ट कापून आणला. चाकं लोंबकळत असताना घेतलेलं माप ते. गाडी जमिनीवर टेकली तसा शाफ्ट लांब पडला आणि ठोकरा मारायला लागला.

दुसऱ्या खेपेला त्यानं चाकं जमिनीवर ठेवून माप घेतलं. अंगणात गाडी गुमान चालली. रस्त्याला चालली. आणि नेमकी ह्या वळणाला आली की मागचे स्प्रिंगचे पाटे खाली दबायचे, जणू कुणी चढून बसलं... आणि तळाच्या फळीखालून ठक्. ठक्. वळण सरलं की पुन्हा गप्प.

त्या निमित्तानं अविराजच्या खेपा वाढल्या. सुप्रिया चहा द्यायची. कप घेताना तो हात पुसायचा, तरी कपावर एक काळं बोट उमटायचंच.

"मिस्त्री, माप घेता का नुसती वाट बघता?" ती विचारायची.

"कुणाची?"

"चहाची."

"चहाला एवढ्या लांबनं कोन येतंय..."

ते बोलणं एकदा मोहनरावांच्या कानी पडलं. त्यांनी पेरूची पाटी खाली ठेवली. "ऐक गड्या. तिसरा शाफ्ट आन. त्यो वाजला तर गाडी भंगारात, आन् तुझं पाऊल पुन्यांदा हितं दिसायचं न्हाय."

ते रागावून बोलत नसत, म्हणूनच त्यांचा शब्द फिरत नसे. त्या संध्याकाळी आसरांपुढं तिचे हात जोडलेले बराच वेळ सुटले नाहीत.

तिसऱ्या मापाला अविराज म्हणाला, "मोकळ्या गाडीचं माप खोटं. भरल्या गाडीचं घेतो." पेरूच्या पाट्या भरल्या, मोहनराव पुढं बसले, सुप्रिया मागं. तो खाली शिरला. फळीच्या फटीतून तिला त्याचा एक डोळा दिसला. त्यालाही तिचा पदर दिसला असावा, कारण टेप दोनदा हातातून निसटली.

"मिस्त्री," ती फटीशी वाकून हळूच म्हणाली, "आजून एका मान्साची जागा सोडा."

"कुनाची?"

"वळणाला चढतंय, त्याची."

खाली टेप पुन्हा सरकली. तो म्हणाला, "बोटभर सोडतो."

शाफ्ट बसवला त्या दिवशी मोहनराव आधीच वळणाला जाऊन उभे राहिले, स्वतःच्या कानांनी ऐकायला. सुप्रियाला दिवा लावायला जायचंच होतं; ती ताट घेऊन मागच्या बाकावर बसली. मागची दोन बाकं समोरासमोर; तिच्या समोरचं रिकामं होतं. सूर्य टेकला. तिनं ओठ मिटले.

धुकं इतकं दाट की काचेपुढं फक्त पिवळा उजेड. अविराज समोर बघत गाडी हाकत होता. मान न वळवता म्हणाला,

"शाफ्ट वाजला तर मी गेलोच. म्हनून आत्ताच इचारतो... लोखंडाची मापं मी लई घेतली. उंबऱ्यावर धान्याचं एक माप भरून ठेवलं, तर... ओलांडून याल का?"

सुप्रियानं ओठ आणखी घट्ट मिटले. नेम होता. ह्यानं नकार समजला तर? तिनं पैंजण वाजवायला पाय हलवला, तेवढ्यात वळण आलं.

पाटे खाली दबले. समोरच्या रिकाम्या बाकाची गादी हळूच चेपली. मिश्रीचा वास आला.

"व्हय," कुणीतरी म्हणालं.

बाईचा आवाज. घोगरा, खुशीतला.

अविराजचे खांदे सैल झाले. तो शीळ घालायला लागला. फळीखाली ठक् झालं नाही. एकदाही नाही.

"वाजलं न्हाय," मोहनराव धुक्यातून पुढं येत म्हणाले. ते खाली वाकून शाफ्ट बघत बसले, तेवढ्यात सुप्रिया उतरून दगडांपाशी गेली. काडी दोनदा विझली. तिसरी धरली. वात पेटली, ओठ सुटले. अविराज मागं येऊन उभा होता, चेहरा उजळलेला.

लबाडी तिला जमण्यातली नव्हती. दिव्यापुढं तर नाहीच.

"मगाशी मी बोलले न्हाय," ती म्हणाली. "दिवा लागंपतूर माझं मौन असतंय."

त्याच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. त्यानं जीपकडं पाहिलं, मग तिच्याकडं. "मग... त्ये 'व्हय' कुनाचं?"

"मिश्रीचा वास न्हाय आला तुमाला?"

त्यानं पुन्हा जीपकडं पाहिलं. पाण्यावरून एक पाखरू ओरडत गेलं. मग अगदी बारीक आवाजात त्यानं विचारलं, "आन् तुमचं?"

सुप्रियानं ज्योतीवर हाताचा आडोसा धरला.

"जाणत्या मान्साचा शब्द मोडू नये," ती म्हणाली. "माप ठेवा उंबऱ्यावर."

मागं काहीतरी करकरलं. दोघांनी वळून पाहिलं. रिकाम्या जीपची मागची बाजू हळूहळू वर आली, बोटभर... कुणी उतरून गेल्यासारखी. मोहनराव खालून म्हणाले, "आरं, गाडी उचलली की रं! कोन उतरलं?"

धुक्यातून पाण्याच्या दिशेनं पावलं गेल्यासारखं वाटलं, आणि मिश्रीचा वास विरला.

परतताना ती पुन्हा मागच्या बाकावर बसली. मोहनराव पुढं. अविराजनं आरशातून तिच्याकडं पाहिलं.

"माप चुकलं म्हनायचं," तो म्हणाला. "एका मान्साची जागा उगीच उरली."

"उरू द्या," सुप्रिया बाहेर बघत पुटपुटली, "लागंल पुढं..."