पाणी आलं वं

"...घर सस्त्यात भेटलं, हे खरं हाय. पण तिथं हाक येते. ओळखीच्या माणसाच्या आवाजात. अन हाकेवर गेलेली बाई मंग..."

इथं चक्कीचा पट्टा चढला आणि गिऱ्हाइकाशी बोलणाऱ्या कय्यूमचे पुढचे शब्द पिठात गेले.

ज्वारीचा डबा काखेत धरून गोजरबाई दारातच थबकल्या. बोलणं आपल्यासाठी नव्हतं, हे त्यांना कळत होतं. पण आपल्यासाठी नसलेलं ऐकायचंच नाही म्हटलं, तर पिंपळगाव राजासारख्या गावात माणसानं ऐकायचं तरी काय? शिवाय घर कोणाचं ते त्यांनी ओळखलं होतं. भिंतीला भिंत लागून राहणारी यास्मीन चार महिन्यांपूर्वी नवऱ्यासोबत ओमानला गेली होती. फहीम तिथं एसी दुरुस्त करायचा. शहरातलं भाडं झेपेना, म्हणून दोघांनी लांब, समुद्राकाठच्या एका शांत गावात बिऱ्हाड हलवलं. कय्यूमनं त्याच गावात सहा वर्षं गाडी चालवली होती.

पट्टा थांबल्याबरोबर गोजरबाईंनी विचारलं, "मंग काय होते रे त्या बाईचं?"

"काई नाई मावशी. लोकाईच्या गोष्टी."

"अर्धी गोष्ट पोटात दुखते बाबू."

"पुरी ऐकली तं जास्त दुखीन," कय्यूम म्हणाला आणि खाली मान घालून पीठ भरत राहिला.

घरी येऊनही गोजरबाईंच्या पोटातलं दुखणं काही थांबलं नाही. यास्मीनला विचारल्याशिवाय त्यांना चैन पडणार नव्हती. तिसऱ्या दिवशी दुपारी चार वाजता तिचाच व्हिडिओ कॉल आला. लाईन गेलेली, पंखा बंद, आळी उन्हात निपचित पडलेली. पडद्यावर यास्मीनचा चेहरा आणि तिच्या मागच्या उघड्या दारात नुसतं पाणी, पार आभाळापर्यंत.

"कशी हायेस वं? करमते का?"

"बरी हाव काकू. लय शांत हाय इथं. आपलाच घोट गिळलेला ऐकू येते. हे सकाळी जातात ते रातीलेच येतात. बाजूच्या घराईले कुलपं. पण तुमी हायेत न सोबतीले."

"मी?"

"हाक मारता न रोज दुपारी. पाणी आलं वं म्हणून." यास्मीन हसली. "काल तं मी बाल्टी घेऊन गुडघ्याएवढ्या पाण्यात गेलती, तवा कुठं ध्यानात आलं का हा तं समुद्र हाय. सलवार भिजली सारी."

गोजरबाई हसल्या नाहीत. त्यांच्या आळीत नळ बाराव्या दिवशी सुटतो, त्याला ना वेळ ना काळ. पाइपाची पहिली सुंसुं ज्याच्या कानी पडेल त्यानं ओरडायचं. आज वीस वर्षं ते काम गोजरबाईंचंच. "पाणी आलं वंऽऽ" अशी हाक लांबवायची आणि मग घसा खाकरायचा, ही त्यांची रीत. त्या हाकेला तव्यावरची भाकर तव्यावरच राहते. यास्मीन तर डोळे उघडायच्या आधी बाल्टी उचलायची.

"यास्मीन, तिथं नळाले चोवीस तास पाणी हाय म्हणली होती न तू?"

"हाव."

"मंग मी काऊन ओरडीन?"

यास्मीनचं हसू ओठावरच राहिलं. हा विचार तिला आजवर शिवलाच नव्हता, असं दिसलं. "ते तं... खरं हाय काकू..."

तेवढ्यात फोनमधून हाक आली. लांबून, पाण्याच्या अंगानं.

"यास्मीन... पाणी आलं वंऽऽ..."

आणि मग घसा खाकरल्याचा आवाज.

गोजरबाईंचं तोंड बंद होतं. आपलाच आवाज आपल्याला बाहेरून ऐकू येतो तेव्हा कसं वाटतं, ते कोणाला सांगून समजायचं नाही. अंगावरचं ऊन एकाएकी थंड लागलं त्यांना.

यास्मीनचे डोळे झोपेतल्यासारखे जड झाले. "आली काकू," ती म्हणाली. बाल्टीची कडी वाजली. फोन तिच्या हातातच होता, पण हात खाली लोंबला. पडद्यावर आता उलटी वाळू, उलटे पाय, सलवारीचा काठ.

"यास्मीन, थांब. जाऊ नको. म्या नाई हाक मारली."

"तुमीच बलावता अन तुमीच थांब म्हणता..." आवाज कुरकुरला. पाय थांबले नाहीत.

वाळू ओली झाली. फेस आला. सलवार पोटरीपर्यंत भिजली, मग गुडघ्यापर्यंत. गोजरबाई ओरडत होत्या, पण त्या ओरडत होत्या ज्या आवाजात, त्याच आवाजात समुद्रही बोलावत होता. पोरीनं कोणती काकू खरी मानायची? पाणी कमरेला लागलं. पडद्यावर हिरवा अंधार चढू लागला.

मग त्यांच्या तोंडून आपसूकच निघालं, आळीत नळ बंद झाल्यावर निघतं तसं.

"पाणी गेलं वंऽऽ. पाणी गेलं, यास्मीन."

पाय थांबले.

ही हाक ऐकल्यावर आमच्या आळीतली बाई एक पाऊल पुढं टाकत नाही. कशाला टाकेल?

"गेलं काय..." यास्मीन पुटपुटली. "अर्धीच बाल्टी भरली पाहा." आणि ती वळली. फेस, ओली वाळू, कोरडी वाळू, उंबरठा. दारात आल्यावर तिला हुडहुडी भरली, मग रडू फुटलं.

"फहीमले फोन लाव," गोजरबाई म्हणाल्या. "आजच्या आज निघ तिथून. दाराले कडी घाल आधी."

"हाव काकू."

कय्यूमचं बोलणं अर्धं खरं निघालं होतं. हाक येत होती. पण गेलेली बाई परत आली होती, समोर बसली होती, ओल्या पायांनी. गोजरबाईंनी पदराचा बोळा करून तोंडावर दाबून धरला.

फोनमधून आवाज आला. यास्मीनच्या मागून, कडी घातलेल्या दारापलीकडून. हळू, अडखळत, नवीन धडा पाठ करत असल्यासारखा.

"पाणी... गेलं... वं... पाणी गेलं वंऽऽ..."

यास्मीननं डोळे पुसत पडद्याकडं पाहिलं.

"आता काऊन ओरडता काकू? आली न मी घरात."